पावणाई, ह्यांना कायम कर!

मागे मी पावणाईला नवस बोलले होते, "आई, ह्यांना कायम कर. तुला नारळांचं तोरण बांधीन." हे तेव्हा केमिकलच्या कारखान्यात हंगामी होते. सुरक्षेचं प्रशिक्षण नीट पार पडलं, तर कायम होणार होते.

तर ऐका. एका गावात एक भोळा कामगार होता. गाव आमचं आणि भोळे आमचे हे.

पहिल्या दिवशी खानविलकर साहेब म्हणाले, "पालेकर, ज्या डब्यावर चिठ्ठी नाही, त्यात विष आहे असं समजायचं."

"बरं."

घरी आले, रबरी हातमोजे चढवले आणि माझे मसाल्याचे सगळे डबे परसात पुरले. हिंगाचासुद्धा.

मी कपाळावर हात मारला. "अहो, आधी वास घेऊन बघायचा ना!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी अमोनियाचं पिंप उघडून त्यात नाक घातलं. शुद्धीवर आले तर समोर साहेब ओरडत होते, "वास घ्यायचा नाही! नाकाला झोंबलं की 'गळती' म्हणून ओरडायचं आणि सगळ्यांना बाहेर काढायचं!"

"बरं."

त्या संध्याकाळी मी मिरच्यांची फोडणी दिली. "गळती! गळती!" अख्खी वाडी रस्त्यावर. रखमाकाकूंचे जावई तर भरल्या ताटावरून उठून आले. काकू म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला तोंड आहे की भोंगा गं?"

मी हात जोडले. "अहो, स्वतःचं डोकं चालवू नका. साहेब ज्या क्षणी जे सांगतील, तेवढंच करा."

"बरं."

शेवटच्या दिवशी गळती झाल्याची कवायत होती. मुंबईहून मोठे साहेब आले होते. तेच हौसेने खोटे खोटे जखमी झाले आणि स्ट्रेचरवर आडवे पडले. एक टोक ह्यांच्या हातात. जिना अर्धा उतरतात तोच भोंगा वाजला आणि खानविलकर साहेब कर्ण्यातून ओरडले, "हातातलं असेल ते टाका आणि मैदानात पळा!"

हे मैदानात सगळ्यांच्या आधी पोचले.

"शाबास पालेकर! मोठे साहेब कुठायत?"

"टाकले."

नशीब, जिन्याखाली भुशाची पोती होती.

संध्याकाळी हे घरी आले. मी दारातच विचारलं, "काय झालं हो?"

"कायम केलं."

माझे डोळेच भरून आले. "खरंच?"

"हो. साहेब म्हणाले, आता कायमचे घरी बसा."

आता पावणाईचा काय दोष? मी कुठे 'नोकरीत' म्हटलं होतं? तोरण बांधलं आणि पुन्हा हात जोडले. लागेल कुठेतरी नोकरी. तुम्हीही नवस बोला, बायांनो. देवी ऐकते. फक्त वाक्य पुरतं बोला, कारण ती अगदी आमच्या ह्यांच्यासारखं ऐकते.