बाकावरचं ऊन

"अण्णा, आता आणखी कुठे उजेड वाढवू?"

नीरजाने ओलं चित्र भिंतीला टेकवलं. बसायचं विसरून ती खोलीभर फेऱ्या मारू लागली.

म्हाताऱ्या रघुअण्णांकडेच ती चित्रकला शिकली होती. आता तिची चित्रं मोठमोठ्या प्रदर्शनांत लागत. ऊन रंगवायला तिच्यासारखा हात कुणाचा नाही, असं लोक म्हणत. तिलाही तसंच वाटे.

चित्रात तिच्या माहेरची बाग होती. थंडीतली सकाळ. शेवंतीवर दव, पेरूखाली रेंगाळलेलं धुकं, आणि दगडी बाकावर पिवळंधमक ऊन.

"सगळं जागच्या जागी आहे. तरी बाग उदास दिसते. रोज पिवळा चढवते, रोज ती जास्तच उदास होते. परवा चित्र प्रदर्शनात लावायचंय, अण्णा!"

अण्णा उठून चित्राजवळ गेले.

"बोला ना काहीतरी!"

त्यांनी टर्पेंटाइनमध्ये बोळा बुडवला आणि बाकावरचं ऊन पुसून टाकलं.

"अहो! चित्रातली सगळ्यात चांगली जागा होती ती!"

"बाकावर एवढं ऊन यायचं?"

"यायचं म्हणजे काय? सकाळचं पहिलं ऊन तिथंच."

"तू पाहिलंयस? बाकावर?"

नीरजा खिडकीशी गेली, परत आली.

"बाकावर नाही..." ती हळूच म्हणाली. "तिथं दादा बसायचे. शाल पांघरून, उन्हाकडे पाठ करून. ऊन त्यांच्या पाठीवर पडायचं. बाक त्यांच्या सावलीत असायचा."

दादा, तिचे वडील, पावसाळ्यात गेले होते. दिवसकार्य आटोपून ती परतली, ती पुन्हा माहेरी गेलीच नव्हती. बाग आठवणीतून काढली होती.

"दादांना काढलं नाहीस?"

"काढलं होतं. बघवेना. मग त्यांच्यावरच उजेड चढवत गेले..."

पुसलेल्या जागी मळकट राखाडी डाग उरला होता. नीरजाने कुंचला उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"आता काय करू तिथं? परत त्यांना काढू? की मोकळंच ठेवू? सांगा ना, अण्णा!"

अण्णांनी तिच्या हातातून कुंचला काढून घेतला.

"माहेरी जा. उद्या सकाळी त्या बाकावर तू बस."