केरूतात्यांची नाव

"पण यांचे हात थांबत का नाहीत, अक्का?"

शाल्मलीचा आवाज जरा चढलाच. मठाच्या आजारघरात तिचा शब्द चालायचा. व्यवसायोपचाराची पदवी घेऊन आलेली. लुळ्या हातांना पुन्हा कामाला लावणारी. मठाच्या गुरू असूनही अक्का इकडे फारशा फिरकत नसत. आज तिनेच त्यांना बोलावून आणलं होतं.

खाटेवर केरूतात्या. जन्मभर नदीवर नाव चालवलेली. पूल झाला, नाव बंद पडली आणि मुलाने त्यांना इथं डोंगरावर आणून सोडलं.

भरदुपारी, डोळे मिटून, ते हवेत वल्हं मारत होते. डावीकडे... उजवीकडे...

"व्यायामाला कप्पी बांधून दिली, दाबायला चेंडू दिला. कशाला हात लावत नाहीत. आणि आता जेवणही सोडलंय."

तिने चमचा पुढे केला. लेकराला भरवताना आईचंच तोंड आधी उघडतं, तसं तिचं उघडलं. तात्यांनी मान फिरवली.

"असेच गेले तर...?"

तिने चमचा वाटीत ठेवला.

"जन्मभर राबलेत हो. आता आराम हा त्यांचा हक्क आहे."

"मागितला होता त्यांनी?"

अक्कांनी चपला काढून हातात घेतल्या. लुगडं घोट्याच्या वर खोचलं. आणि खाटेच्या कडेला नाही, बरोबर मधोमध, अंग चोरून बसल्या.

तात्यांचे हात थबकले.

"एकट्याच?"

शाल्मली दचकली. या घरात तात्यांचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता.

"एकटीच," अक्का म्हणाल्या. "पलीकडे माहेर आहे."

"नीट बसा. पाणी चढलंय."

हात पुन्हा चालू झाले. आता सावकाश, जड. दंडावरच्या शिरा तटतटल्या.

शाल्मलीला हसू फुटलं. "अक्का, तुम्हीसुद्धा...!"

"त्या बाईंना खाली बसवा," तात्या डोळे न उघडता म्हणाले. "नाव कलंडायची."

ती बसली. का बसली, तिलाही सांगता आलं नसतं. खाट हलली. डावीकडे... उजवीकडे...

आजूबाजूची आजारी माणसं एकेक करून उठली होती. ज्यांना उठवायला दोघं लागायची, तीही. आपापल्या चपला हातात घेऊन, काठावर ताटकळावं तशी, रांगेत उभी होती.

शाल्मलीच्या पावलांना गार लागलं. तिने खाली पाहिलं नाही.

"तात्या... एक घास घेता?"

"पाण्यात असताना नावाडी खात नाही, बाई. काठाला लागू दे. मग दोन भाकरी खाईन."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. उन्हात तापलेला खडकाळ माळ. पाण्याचा टिपूस नाही.

"अक्का," ती कुजबुजली, "पण काठ आहे कुठं?"

अक्कांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"हळू बोल, पोरी. मधल्या धारेत आहोत."