मनोली, कारळा आणि आयतखाऊ अमरवेल

डोंगराच्या उतारावर एक शेत होतं. शेतात होता कारळा. कारळ्याची फुलं पिवळी. कारळ्याचे दाणे काळे. त्याची चटणी आपण भाकरीशी खातो ना, तोच हा कारळा.

शेत होतं चांगुणामावशीचं. मावशी सगळं पीक कापायची. पण बांधाजवळचं कारळ्याचं एक झाड तेवढं ठेवायची. "हे पाखरांचं," म्हणायची.

त्या झाडावर एक मनोली यायची. मनोली म्हणजे एवढंसं पाखरू. तुमच्या मुठीत मावेल एवढं. तिच्या घरट्यात अंडी होती. आत्ता अंड्यांवर पिल्लांचा बाबा बसला होता. पिल्लं बाहेर आली की त्यांना काय भरवायचं? कारळ्याचे दाणे. मनोलीनं सगळं ठरवून ठेवलं होतं.

पण एके सकाळी काय झालं?

टप्प. फूल गळून पडलं.

टप्प. कळी गळून पडली.

कारळ्याची मान खाली.

मनोली म्हणाली, "कारळ्या, कारळ्या, फुलत का नाहीस?"

कारळा म्हणाला, "कसा फुलू? अमरवेलीनं मला गुंडाळलंय. ती माझा रस पितेय. तिनं सोडलं तर फुलेन."

मनोलीनं पाहिलं. पिवळे पिवळे दोरे. पान नाही. मूळ नाही. अमरवेल भारी आळशी. पाणी भरायला नको, स्वयंपाक करायला नको. दुसऱ्याच्या अंगात नळी खुपसायची आणि सुर्रर्र, सुर्रर्र, आयतं प्यायचं.

"अमरवेली, अमरवेली, कारळ्याला सोड.
कारळा फुलेना.
पिल्लांना दाणा मिळेना."

अमरवेल म्हणाली, "सुर्रर्र. मी नाही सोडत. मावशीनं कापलं तरच सुटेन. आणि ती कुठं कापतेय?"

फुर्र फुर्र. मनोली गेली मावशीकडे. मावशी भाकरी थापत होती. थप थप, थप थप.

"मावशी, मावशी, अमरवेल काप.
वेल सोडेना.
कारळा फुलेना.
पिल्लांना दाणा मिळेना."

मावशी म्हणाली, "अगं, कापते की. पण माझ्या विळ्याला धारच नाही. दगडानं धार लावली तर कापेन."

फुर्र फुर्र. मनोली गेली दगडाकडे. ओढ्याच्या काठी दगड ऊन खात बसला होता.

"दगडोबा, दगडोबा, विळ्याला धार लाव.
मावशी कापेना.
वेल सोडेना.
कारळा फुलेना.
पिल्लांना दाणा मिळेना."

दगड म्हणाला, "मी कोरडा ठक्क. कोरड्या दगडावर धार लागत नाही, नुसतं खर्रर्र वाजतं. ओढ्यानं भिजवलं तर धार लावेन."

फुर्र फुर्र. मनोली गेली ओढ्याकडे. ओढा थांबला होता. गप्प गप्प.

"ओढेदादा, ओढेदादा, दगडाला भिजव.
दगड घासेना.
मावशी कापेना.
वेल सोडेना.
कारळा फुलेना.
पिल्लांना दाणा मिळेना."

ओढा म्हणाला, "माझ्या वाटेत पाला अडकलाय. खेकड्यानं पाला काढला तर वाहीन."

फुर्र फुर्र. मनोली गेली खेकड्याच्या बिळाशी.

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ, पाला काढ.
ओढा वाहेना.
दगड घासेना.
मावशी कापेना.
वेल सोडेना.
कारळा फुलेना.
पिल्लांना दाणा मिळेना."

आतून खेकडा म्हणाला, "काढतो गं बाई. पण मी बाहेर कसा येऊ? माझ्या दारात गवताचा बुचका बसलाय. तो कुणी ओढला तर येईन."

आता कुणाकडे जायचं? मनोलीनं इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. पंख दुखत होते. तिला रडू आलं.

मग तिनं बुचक्याकडे पाहिलं. अगदी जवळून पाहिलं.

अरेच्चा, हे तर गवत. गवत ओढणं म्हणजे मनोलीचं रोजचं काम. अख्खं घरटं तिनं गवताचंच तर विणलं होतं.

मनोलीनं एक काडी ओढली. सुळ्ळ.

अजून एक ओढली. सुळ्ळ.

मग चोचीत मावेल तेवढं धरलं. पाय रोवले. ओढ, ओढ, ओढ, आणि फट्ट!

बुचका निघाला. मनोली उलटी पडली. खेकडा बाहेर आला. तुरुतुरु.

खेकड्यानं पाला काढला.
ओढा वाहिला, खळखळ.
दगड भिजला, चिंब.
मावशी विळा घेऊन आली. दगडानं धार लावली, घस घस, घस घस.
मावशीनं वेल कापली, कच कच, कच कच.
कारळा मोकळा झाला.

मावशीनं वेलीचा गोळा केला आणि हात उचलला. दर वेळी टाकायची तशी बांधावर टाकणार होती.

"मावशी, थांब," मनोली म्हणाली. "बांधाकडे बघ."

मावशीनं बघितलं. बांधावर तूर होती. मागच्या वेळी टाकलेली अमरवेल तुरीला गुंडाळून बसली होती. सुर्रर्र, सुर्रर्र.

मावशीनं कपाळावर हात मारला. "म्हणजे इथून काढायची आणि तिथं मीच पेरायची? चांगलीच हुशार की मी."

मावशी हसली. मनोलीही हसली. कच कच, तुरीवरचीही निघाली. मग मावशीनं सगळी वेल उन्हातल्या मोठ्या कातळावर पसरली. तिथं ना झाड, ना रस. आता पिणार काय? अमरवेल वाळली. कुरकुरीत झाली. वारा आला आणि चुरा घेऊन गेला.

इकडे कारळ्यानं मान वर केली. कळी आली. फूल आलं. पिवळं पिवळं. फूल सुकलं आणि आत दाणे भरले. काळे काळे.

घरट्यात टक टक, टक टक. अंडी फुटली. पिल्लं बाहेर आली. डोळे मिटलेले, चोची उघड्या. "चीं चीं, चीं चीं."

फुर्र फुर्र. मनोली गेली आपल्या झाडाकडे. दाणे घेतले. फुर्र फुर्र. परत आली.

एक दाणा या चोचीत. एक दाणा त्या चोचीत. सगळ्यात छोटं पिल्लू मागे राहिलं होतं, त्यालाही एक.

पिल्लांचं पोट भरलं. आपल्या गोष्टीचंही भरलं.