छपरावरची अँटेना आणि आतलं कार्ड

यंत्रं एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. डोंगराआडच्या एका वाचनालयातल्या संगणकात एक वायरलेस कार्ड राहत असे. त्याला लांबचं नेटवर्क नीट ऐकू येईना, म्हणून ग्रंथपाल कालिंदीताईंनी छपरावर अँटेना बसवली आणि तिची वायर कार्डाला जोडली. नेटवर्क भराभर चालू लागलं. जो तो म्हणे, "अँटेना मोठी गुणाची."

कार्डाच्या पोटात दुखू लागलं. "राबायचं मी आणि नाव हिचं," असं पुटपुटत एके दिवशी त्याने वायरीवरची पकड सोडली. नेटवर्क गेलं.

वरून अँटेना कळवळून सांगत होती, "दादा, मी नुसती ऐकते. अर्थ तुम्हीच लावता." पण सुटलेल्या वायरीतून ते कार्डापर्यंत पोचलंच नाही.