रेशीमशेठचं अन्नछत्र

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजा कोण होता, हे आता कुणाला आठवत नाही. नदीकाठच्या एका नगरात एक रेशीमशेठ राहायचा. त्याच्या कारखान्यात बाया कढत पाण्यातले कोश बोटांनी चाचपून धाग्याचं टोक शोधायच्या. दर पाडव्याला मुकादम त्यांचे डोळे बांधून हाती कोश द्यायचा. टोक सापडलं नाही, की ती बाई घरी. मग तिला शेठच्या अन्नछत्रात रोज एक वेळचं जेवण मिळायचं. नगर म्हणायचं, शेठ देवमाणूस.

चाळीस वर्षं राबलेली एक म्हातारी अशीच घरी आली. बोटं पांढरी, निबर झालेली. नवरा नाही, मूल नाही. जवळ होती ती पोटाला चिमटा काढून जमवलेल्या चांदीच्या नाण्यांची थैली.

तिसऱ्याच दिवशी शेठचे दिवाणजी तिच्या ओट्यावर येऊन बसले. थैली छत्राला लिहून दे, सगळ्या बाया देतात, तुझं तेरावं छत्र घालील, असं त्यांनी समजावलं. वर म्हणाले, "ज्याचं मीठ खाल्लं, त्याला जागावं, बाई."

थोरामोठ्यांनी असं काही सांगितलं, की आपण मान डोलावतो. म्हातारीनेही डोलावली. नाही म्हणायचाच तिला कंटाळा आला होता. आपल्यामागे कुणीतरी आपलं नाव घेऊन पान वाढावं, एवढंच तिला हवं होतं.

तिची भाची अजून कारखान्यात होती. जिभेला धार असलेली. ती म्हणाली, "मावशी, द्यायचं तर दे. पण आधी तिथं एकदा जेवून तरी ये."

म्हातारी गेली. पंगतीत सगळ्या तिच्याच सोबतच्या बाया. शेजारणीला घास धरता येत नव्हता. आमटी पाण्यासारखी. शेठ महिन्याला तांदूळ किती पाठवतात, असं तिनं वाढणारीला विचारलं.

वाढणारी हसली. "शेठ कशाला पाठवतील, आजी? कारखान्यात तुमच्या शेजारी बसायची ती गेल्या साली वारली ना, तिच्या थैलीतला हा भात. शेठचं काय, तर दारावरचं नाव."

"आणि तिचं तेरावं?"

"कुणाकुणाचं घालायचं? त्या दिवशी आमटीत गूळ जरा जास्त पडतो."

म्हातारी घास हातात धरून बसून राहिली. इतकी वर्षं एकमेकींचंच खाऊन त्या शेठला दुवा देत होत्या. रागवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

दिवाणजी पुन्हा आले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्या मिठापायी बोटं दिली, दिवाणजी. फिटलं ते."

थैलीतल्या पैशातून तिनं मोठं पातेलं आणि तांदूळ घेतले, भाचीच्या अंगणात चूल मांडली. कामावरच्या बाया रोज मूठभर धान्य आणून टाकू लागल्या. हळूहळू सगळी पंगत तिकडे आली. म्हातारी वारली, तेव्हा तेराव्याला प्रत्येकीनं तिचं नाव घेऊन पहिला घास उचलला.

शेठकडे पुन्हा एकही थैली गेली नाही. वर्षभरात अन्नछत्राला कुलूप लागलं. दिवस वाईट आले, असं शेठ सांगत फिरला.

तात्पर्य : दात्यापुढे हात जोडण्याआधी, ते दान कुणाच्या कष्टाचं आहे हे विचारावं.