शेठच्या आईचा माळा

कडक उन्हाच्या एका गावात एकदा एक वृद्ध गुरू राहत असत. घरे बांधण्याची आणि दुरुस्त करण्याची विद्या ते शिकवत, आणि शिष्यांना पाठशाळेपेक्षा लोकांच्या घरांतच अधिक राबवत.

त्या गावातील एका व्यापाऱ्याचे घर पत्र्याचे होते. वैशाखात त्याची वृद्ध आई दुपारभर खाटेवर तळमळत पडे. शहरात दिलेल्या तिच्या मुलीने निरोप धाडला होता, "महिनाअखेर मी गाडी घेऊन येते. घर तोवर राहण्याजोगे झाले नसेल, तर आईला कायमची घेऊन जाईन." आईला जायचे नव्हते. "या दारातून मी एकदाच बाहेर पडणार, आणि तेही गाडीत बसून नाही," असे ती म्हणे.

गुरूंनी आपल्या एका शिष्याला पाठवले. त्याने मन लावून काम केले. खोलीवर वासे टाकले, खालून छत मारले, वाशांमधल्या खणांत नारळाच्या काथ्याच्या जाड, भुसभुशीत गाद्या अंथरल्या. त्यांच्यावर थोडी जागा मोकळी सोडून मग फळ्या ठोकून माळा केला. त्या दुपारी आईचा डोळा लागला.

निघताना शिष्याने बजावले, "शेठ, वर फक्त हलके सामान ठेवा. एका हाताने वर देता येईल तेवढेच. फळ्या वाकल्या की काथ्या दबतो, आणि दबलेला काथ्या ऊन अडवत नाही."

"अगदी पटले," व्यापारी म्हणाला.

आठवडाभरात निरोप आला, माळा बिघडला. शिष्य वर चढून पाहतो तो पितळी घंगाळ, तांब्याचे हंडे आणि दगडी जाते फळ्यांवर बसलेले. पत्र्याजवळ तापलेल्या घंगाळाला हात लावणे अशक्य झाले होते.

"शेठ, हा माळा आहे, गोदाम नव्हे."

"मला का सांगता? आई म्हणाली, वर जागा आहे."

"आहेच की जागा," आई खाटेवरून म्हणाली. "लागते कधीतरी."

"आजी, हे घंगाळ शेवटचे कधी लागले होते?"

"तुझ्या जन्माआधी. म्हणजे आता लागायची वेळ आलीच असेल."

शिष्याने सामान उतरवले, काथ्या पिंजला, फळ्या सरळ केल्या, वाकलेली फळी दाखवून पुन्हा सारे समजावले. मायलेकांनी माना डोलावल्या. त्यानंतर पुन्हा निरोप आला, तेव्हा घंगाळ, हंडे, जाते सारे परत वर गेले होते, आणि सोबत शिवणयंत्र आणि पाय मोडलेली एक खुर्चीही.

शिष्य तडक गुरूंकडे गेला. "मी आता जाणार नाही. समजावून समजावून घसा सुकला. त्यांना त्यांच्या घंगाळाखाली शिजू द्या. लेक चार दिवसांत येते आहे, तिने म्हातारीला न्यावेच."

"त्यांना समजले नाही का?"

"समजते, पटते, आणि माझी पाठ वळली की जाते वर चढते."

"मग समजावणे पुरे. चल."

गुरूंनी व्यापाऱ्याला आणि शिष्याला वर चढवले आणि एकेक वस्तू खाली मागवली. अंगणात मात्र काही जाऊ दिले नाही. घंगाळ खाटेच्या पायथ्याशी, हंडे उशाशी, जाते आणि यंत्र दोन्ही बाजूंना. शिष्याला वाटले, उन्हाने गुरूंचेही डोके फिरले.

"गुरुजी, हे काय मांडलेत?" आई उठून बसली. "मी पाय कुठे टाकू?"

"जागा होईल, वहिनी. एकेक वस्तू तुम्ही सांगाल तिथे जाईल. वर सोडून कुठेही."

"मग माळा कशाला केलात?"

"तुम्हाला झोप यावी म्हणून."

आई रुसून भिंतीकडे तोंड करून बसली. शेवटी तिने जात्यावर हात ठेवला. "हे सासूबाईंचे. पहाटे उठवून दळायला लावायच्या. पीठ चांगले झाले, असे एकदाही म्हणाल्या नाहीत." तिने हात काढून घेतला. "देऊन टाका."

मग काम भरभर झाले. घंगाळ आणि हंडे देवळात गेले. "भंडाऱ्याला तरी चूल बघतील," ती म्हणाली. यंत्र शेजारच्या सुनेला. खुर्चीपाशी तिचा आवाज उतरला. "ही आमच्या यांची. पाय बसवून आणतो म्हणाले, आणि राहूनच गेले." शिष्याने काही न विचारता पाय बसवला आणि खुर्ची खाटेजवळ ठेवली. वर गेले ते गौरींचे कागदी मखर आणि वाळवणाच्या रिकाम्या चटया.

परतताना शिष्याने विचारले, "मी सांगितले त्यात चूक काय होती?"

"काहीच नाही. पण वस्तूचे काय करायचे हे ठरत नसले, की माणूस ती माळ्यावर टाकतो. वर गेलेली दिसत नाही, म्हणून तिला वजन नाही असे वाटते. वजन फळ्यांना कळते, आणि खाली झोपणाऱ्याला. मी फक्त न ठरवलेले सारे त्यांच्या पायाशी आणले. ठरवायला त्या समर्थ होत्याच."

"हे मला आधी सांगितले असते, तर माझ्या खेपा वाचल्या असत्या."

"आधी सांगितले असते, तर तू त्यांना हेही समजावत बसला असतास."



लेक आली ती ऐन दुपारी. भावाने दारातच तोंडावर बोट ठेवले. आई झोपली होती. लेक तिच्या उशाशी बसून पदराने वारा घेऊ लागली, आणि थोड्या वेळाने खोलीतल्या गारव्याने तिचा हात आपोआप थांबला. दिवस कलल्यावर ती गाडीत बसली, एकटीच.

आपण डोक्यावर काय काय न ठरवता ठेवले आहे, ते या उन्हाळ्यात एकदा खाली उतरवून पाहावे.