हुप्प्याची हाक

रानात अजून कुऱ्हाड शिरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. सगळी हरणं एका वानराच्या, हुप्प्याच्या हाकेवर जगत. उंबराच्या शेंड्यावरून तो शिकारी हेरायचा आणि ओरडायचा. म्हाताऱ्या वाघाला त्याने असंच ओरडून ओरडून उपाशी ठेवलं, रानातून घालवलं. नवा राजा बिबट्या हुशार निघाला. त्याने नदीकाठची सगळी उंबरं हुप्प्याला देऊन टाकली. मग हुप्प्या ससा हलला तरी ओरडे; बिबट्या आला की मात्र गप्प बसे.

एका सकाळी बिबट्याने हुप्प्या बसलेल्या झाडाखालीच एका हरिणीचं पाडस धरून नेलं. ती वर बघून म्हणाली, "तुला दिसत होतं. का ओरडला नाहीस?"

उंबर चघळत हुप्प्या म्हणाला, "आज रानात काही घडलंच नाही."

"माझं लेकरू गेलं!"

"मी ओरडलो का? मग नाही गेलं."

कळपातली हरणंही तिलाच म्हणाली, "हाक आली नाही, बाई. पाडस कुठेतरी चुकलं असेल."

हरिणीने रक्ताने भिजलेली माती खुराने उकरून त्यांच्या तोंडावर उडवली. "हुंगा! कान त्याला देऊन बसलात, नाकं तर तुमचीच आहेत ना?"

एकेकाने मान खाली घालून हुंगलं. वर हुप्प्या जिवाच्या आकांताने ओरडू लागला. कुणीही वर पाहिलं नाही.